आजऱ्यात तीन तास

पुण्याहून सावंतवाडीला जाताना कोल्हापुरात जेवायचं नाही, भूक मारून आजरा गाठायचा, हा माझा जुना हट्ट आहे. कारण घनसाळ. आजऱ्याच्या त्या सुवासिक तांदळाचा भात वाफाळता समोर आला की तांबडा-पांढरा रस्सासुद्धा मला आठवत नाही. यंदा दिवाळीनंतर आईला मामाकडे पोचवायला निघालो तेव्हाही बेत तोच होता. मी गाडी चालवत होते, धाकटा भाऊ शेजारी आणि आई मागे. तिचं मणक्याचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे रस्त्याकडे मी नेहमीपेक्षा जास्त लक्ष ठेवून होते.

गाडीला रन-फ्लॅट टायर आहेत. टायरातली सगळी हवा गेली तरी साधारण 80 किलोमीटर, ताशी 80 च्या आत, गाडी चालवता येते. डिकीत स्टेपनी नाही, तिची जागाच नाही. रात्रीच्या घाटात भर पावसात जॅक लावायची वेळ येत नाही, हे सुख मी मनापासून मानते. पण त्याची किंमत पाठीला मोजावी लागते. टायर रिकामा झाल्यावर गाडीचं वजन पेलायचं, म्हणून त्याच्या बाजूच्या भिंती जाड, कडक रबराने भरलेल्या असतात. साध्या टायरात खड्डा आला की ती भिंत वाकते आणि दणका बराचसा तिथेच जिरतो. इथे ती सहज वाकत नाही. शिवाय टायर वजनाला जड, त्यामुळे एकदा उसळला की सस्पेन्शनला तो लवकर आवरत नाही.

त्यात आदल्या रात्री भाऊ पंपावरून हवा भरून आला होता. ‘लांब जाणार ना, मग चाळीस’ असा तिथला सर्रास नियम. चारही टायरांत चाळीस. साताऱ्यापर्यंत गुळगुळीत डांबरावर काही जाणवलं नाही. पुढे पुलांचे सांधे सुरू झाले आणि प्रत्येक सांधा सीटमधून वर येऊ लागला. रंबलर आले की डॅशबोर्ड थरथरायचा. निपाणीहून आत वळून उत्तूरच्या रस्त्याला लागलो, तशी आई बोलायची थांबली. ती बोलायची थांबली म्हणजे दुखतंय, हे आम्हा दोघांना लहानपणापासून ठाऊक आहे.

आजऱ्याच्या अलीकडे एका टायरवाल्याकडे गाडी वळवली. पत्र्याची शेड, बाहेर ट्रॅक्टरचे टायर रचलेले, आत जुना कॉम्प्रेसर. साठीचा माणूस. त्याने कॉम्प्रेसरकडे न बघता आधी टायरापाशी बैठक मारली आणि भिंतीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“रन-फ्लॅट हाय ताई. ब्रिजस्टोन आरएफटी लिवतं, मिशेलिन झेडपी, गुडइयर आरओएफ. नाव येगळं, काम एकच.” कोल्हापुरात एका मोठ्या वर्कशॉपात बरीच वर्षं काढली होती, असं त्याने मग सांगितलं. नंतर माझ्या बाजूचं दार उघडून चौकटीवरचा स्टिकर वाचला. कमी माणसं, कमी सामान असेल तर पुढे 32, मागे 35. गाडी पूर्ण भरलेली असेल तर त्याहून जास्त, तो रकाना वेगळा. त्याचं गेज खिशात, रुमालात गुंडाळलेलं होतं. पुढे 44, मागे 45 भरले.

“चाळीस भरले होते,” भाऊ म्हणाला.

“रातच्या गारव्यात चाळीस. पळून पळून टायर तापला, आत हवा फुगली. तीन-चार तर वाढतंयच.”

“मग काढा ना, बत्तीसवर आणा.”

“आत्ता न्हाय. तापल्याला बत्तीस केलं तर निवल्यावर अठ्ठावीस दावील. स्टिकरवरचा आकडा गार टायराचा हाय. सावलीत लावा, जेवून या. तीन तास तरी जाऊ द्या.”

तीन तास! भावाने घड्याळ पाहिलं. मी आईकडे पाहिलं आणि किल्ली त्या माणसाच्या हातात दिली.

पलीकडेच खानावळ होती. बाईंनी आईला आतल्या खोलीत चटई अंथरून दिली. घनसाळचा भात, कुळथाचं पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेवटी ताक. आईने दोनदा भात मागून घेतला. मी आजवर तिथे जेवले त्यातलं हे सर्वांत चांगलं जेवण.

आई आडवी झाल्यावर मी परत शेडमध्ये जाऊन बसले. हवेच्या टायराची कहाणी मला फार आवडते, ती तिथे पुन्हा आठवली. बेलफास्टमधला जॉन बॉइड डनलॉप हा गुरांचा डॉक्टर. 1888 मध्ये त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेच्या नळ्या बसवल्या, पोराला दगडी रस्त्यावर हादरे बसू नयेत म्हणून. त्याला पेटंट मिळालं आणि नंतर ते टिकलं नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाने 1845 मध्येच तशा चाकाचं पेटंट घेतलं होतं. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात त्याची चाकं घोडागाडीला लावून फिरवलीही होती. मग जग ते विसरून गेलं. थॉमसन काय, डनलॉप काय, दोघांनी हवा चाकात आणली ती बसणाऱ्याच्या सुखासाठी. तीच हवा आम्ही हायवेच्या नावाखाली दगडासारखी ठासून भरतो, याचा मला राग आला.

भावाच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. टायर निवले, गेजवर पुन्हा चाळीस आले, तेव्हा तो म्हणाला, “काका, काढतोच आहोत तर सव्वीसवर आणा. गादीसारखी चालेल.”

त्या माणसाने मान हलवली. पुढचं त्याचं बोलणं मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे, कारण इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. “साध्या टायरात वजन हवेवर असतंय. हवा काढली की मऊ. ह्यात भिंतबी मदत करतीया. हवा काढली तरी भिंतीचा कडकपणा कुठं जातोय? दणका थोडाच कमी हुईल. पर कडा झिजतील, भिंत दुमडून दुमडून तापंल, घाटाच्या वळणाला स्टिअरिंग उशिरा ऐकंल. खड्ड्यात रिम वाकली तर आणखी खर्च.” मग थोडं थांबून, “आन हे टायर बसलेलं डोळ्याला दिसत न्हाय. भिंत धरून ठेवती. म्हणून गेजशिवाय खरं कळत न्हाय.”

त्याने पुढे 32, मागे 35 केले, व्हॉल्ववर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं, झाकणं घट्ट बसवली. मग मला गाडीत बसवून स्क्रीनवरची टायर-प्रेशरची नोंद नव्याने करायला लावली. आमच्या गाडीत टायरात वेगळा सेन्सर नाही. चाकं किती फिरतात यावरून गाडी हवा ताडते. तिला आधी योग्य हवा कोणती ते शिकवावं लागतं. एक सूचना त्याने आपणहून दिली: हवा पूर्ण गेलेल्या स्थितीत रन-फ्लॅट चालवला तर आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही, तेव्हा पंक्चर काढून तोच टायर बिनधास्त वापरू नका.

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. आईने बाहेर येऊन ते त्याच्या हातात कोंबले.

आंबोलीपर्यंतचा रस्ता काही बदलला नव्हता. काँक्रीटच्या कडा होत्या, खड्डे होते आणि ते कळतही होते. रन-फ्लॅट त्यांना लपवत नाही. पण आधी दणका थेट हाडात जायचा, तो आता बोथट होऊन यायचा. हिरण्यकेशीच्या उगमाकडे जाणारा फाटा आला तेव्हा आई मामाच्या लहानपणीची भांडणं सांगत होती. घाट धुक्यात उतरलो. सावंतवाडीतले पुढचे दिवस मोती तलाव, मासे आणि नातेवाईक यांत गेले.

ज्यांच्या गाडीला असे टायर आहेत त्यांनी टायर बदलण्याचा विचार करण्याआधी आत किती हवा आहे ते बघावं. स्वतःचं गेज घ्या, ते फार महाग नसतं. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा आणि किती माणसं, किती सामान त्याप्रमाणे स्टिकरचा रकाना निवडा. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरत असेल तर त्याला थांबवा. मागच्या सीटवर कुणी म्हातारं माणूस बसणार असेल तर हे निघायच्या आदल्या दिवशीच करा.