गुरूंना कसं विचारायचं?

सोलापूरला साधूंचं वावडं कधीच नव्हतं. इथलं ग्रामदैवतच मुळी बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर. वचनं लिहिणारे आणि लोकांसाठी तळं खोदवून घेणारे. त्यामुळे 2019 ला भाजपने लोकसभेसाठी अक्कलकोट तालुक्यातल्या गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामींना उभं केलं, तेव्हा नवी पेठेत कुणाच्या भुवया फारशा उंचावल्या नाहीत. समोर माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर.

माझ्या ओळखीचा एक कापड दुकानदार गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडता उलगडता म्हणाला, “शिंदेसाहेबांना भेटायचं तर मधे दहा माणसं. स्वामीजी घरच्या पूजेला येतेत की! आणि संसारच नाही, तर खाणार कुणासाठी?” या युक्तिवादाला उत्तर देणं अवघड आहे. पुढाऱ्यांच्या पोराबाळांचे बंगले बघून बघून लोकांनीच तो घडवलाय.

मी विचारलं, “मग चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याचं विचारणार का त्यांना?” त्याने मीटरपट्टी खाली ठेवून चक्क हात जोडले. “गुरूंना असं कसं विचारायचं?”

मला धास्ती वाटते ती या जोडलेल्या हातांची. भगव्या कफनीची नाही.

महास्वामी दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. अर्थात त्या वर्षी मोदींच्या नावावरही मतं पडली; सगळं श्रेय भस्माच्या पट्ट्यांना देणं भाबडेपणाचं. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. फेब्रुवारी 2020 मध्ये पडताळणी समितीने त्यांचा जातीचा दाखला अवैध ठरवला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. प्रश्न कागदपत्रांचा होता, पण दुकानात त्याबद्दल बोलायचं तर आवाज खाली आणावा लागे.

हे फक्त सोलापुरातच घडतं असं नाही. अमेरिकेत 2008 च्या निवडणुकीत माइक हकबी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले होते. मूळचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, बास गिटार वाजवणारे, सभेला पोट धरून हसवणारे. आयोवात रिपब्लिकन मतदारांनी त्यांना पहिला कौल दिला. त्याच प्रचारात, राज्यघटना देवाच्या निकषांप्रमाणे दुरुस्त करावी, असंही ते म्हणाले. असं काही एखादा कडवा माणूस ओरडून बोलला असता तर लोक सावध झाले असते. हसऱ्या, घरच्या वाटणाऱ्या माणसाचं चालून जातं.

2024 ला भाजपने उमेदवार बदलला. राम सातपुते हरले, प्रणिती शिंदे खासदार झाल्या. हल्ली नळाला पाणी आलं नाही की आमचा दुकानदार नव्या खासदारांना गिऱ्हाइकांदेखत बोल लावतो. पाणी महापालिकेचं, हे त्यालाही ठाऊक आहे.