भातुकलीच्या घराला कडी

परसातल्या कडुनिंबाखालच्या त्या घराला मी मुद्दाम कडी लावली नव्हती. साल २०१३, लेक पाच वर्षांची. आतून लावून घेतली आणि काढता आली नाही तर? खेळता खेळता कुणी बाहेरून लावली आणि विसरून गेलं तर? म्हणून दाराला नुसत्या दोन बिजागऱ्या. ढकललं की उघडायचं, सोडलं की वाऱ्याने आपटायचं. सुप्यात वाऱ्याला तोटा नाही. डोंगरावरच्या पवनचक्क्या काही शोभेला उभ्या केलेल्या नाहीत.

फळ्या आणल्या होत्या भंगारवाल्याकडून. एमआयडीसीत परदेशी यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांतून. यंत्र कारखान्यात जातं, खोकं भंगारात. अशा फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो आणि शेजारी दोन अक्षरं. 'एचटी' म्हणजे लाकडातली कीड तापवून मारलेली, 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली. लेकरू दिवसभर आत बसणार, म्हणून मी ढिगातून एचटीच्या तेवढ्या वेचल्या. भंगारवाला हसला. सरपणाला शिक्का बघणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. नेमकी शिक्क्याची फळी दारावर आली आणि लेकीने जाहीर केलं, हा आपल्या घराचा नंबर.

ते दुष्काळाचं वर्ष. तालुकाभर टँकरच्या वाटेकडे डोळे लागलेले. तिची भातुकलीही तशीच झाली. बाहुल्या कपबशा घेऊन रांगेत उभ्या, आणि मध्येच आरोळी, "टँकर आला!" टंचाई नसेल त्या दिवशी खिडकीतून चहा विकायची. पैसे म्हणून कडुनिंबाची पानं. मोठी डहाळी दिली तर म्हणायची, "सुट्टे द्या, काका." मी तिचा बाप, पण गल्ल्यावर बसली की काका.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली. घरात घमेली, ठिबकच्या जुन्या नळ्या आणि एक पाय मोडलेली खुर्ची राहायला आली.

आईच्या कोंबड्या मात्र पडवीत, डालग्याखाली. दिवेलागणीला "ती ती ती" करून बोलवायच्या, एकेक धरून झाकायच्या आणि डालग्यावर फुटक्या जात्याची तळी ठेवायची. सुपातले हसतात नि जात्यातले रडतात म्हणतात. आमच्या सुप्यात कोंबड्या जात्याखाली बिनघोर झोपत. (शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपं ते बारामतीकडचं. आमच्या वाट्याला आलेलं हे पारनेरचं. पाहुण्यांना प्रत्येक वेळी सांगावं लागतं.) पण गेल्या वर्षापासून आईला ती तळी उचलवेना. मग मीच म्हणालो, ते घर रिकामंच आहे की.

पाच फूट बाय चार फूट. आठ तलंगांना ऐसपैस. एका रविवारी घमेली काढली, खिडकीला नि पाठच्या भिंतीतल्या फटींना सहा कोनांची तारेची जाळी खिळ्यांनी ठोकली, दाराला दोरी बांधली आणि खुराडं झालं असं समजून चहा घेतला.

भीती रात्रीची होती. रानमांजर येईल, उसाकडचा बिबट्या येईल, असं धरून आम्ही रात्री दोनदा उठून बॅटरी मारायचो. घडलं ते भर दुपारी. लग्नाला पारनेरला गेलो होतो म्हणून कोंबड्या आत कोंडलेल्या. परत आलो तर परसात आवाज नाही. कोपऱ्यातले दोन खिळे सुटून जाळी पानासारखी वळलेली, आत तीन तलंगा मानेशी चावलेल्या. एकही नेलेली नाही. उरलेल्या पाच वरच्या फळीवर, भिंतीला चिकटून. मुंगसाचं काम. ते नेतं कमी, मारतं जास्त.

आईने जाळीचा तो कोपरा दोन बोटांत धरून पाहिला. "आरं, ही जाळी कोंबडीला कळती. मुंगसाला न्हाय कळत."

या वाक्यापुढे मला काही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. ती जाळी कोंबडीला आत ठेवायला असते. बाहेरच्याला बाहेर ठेवायचं हे काम निराळं, आणि त्याचं माप बाहेरच्याच्या अंगावरून घ्यावं लागतं. हे घर बांधताना मी फटी लेकीच्या मापाने ठेवल्या होत्या. बोट अडकू नये, डोकं अडकू नये, आत काय चाललंय ते स्वयंपाकघराच्या ओट्यावरून तिच्या आईला दिसावं. जिथे तिच्यासाठी मोकळं ठेवलं होतं, तिथेच आता मुंगसाचं डोकं मावत होतं. आणि डोकं मावलं की बाकीचं अंग त्याच्यामागून येतंच.

मग नव्याने बसलो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, प्रत्येक सांध्यावर वेल्डिंग केलेली जाळी आणली. ती खिळ्यांनी न ठोकता लाकडी पट्टी वरून दाबून स्क्रूने आवळली. तळाशी चारी बाजूंनी तीच जाळी दीड फूट बाहेरच्या अंगाला जमिनीत आडवी पुरली. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला घेतं, चार फूट मागे सरून बोगदा काढायची अक्कल त्याला नसते. पंज्याला तार लागली की कंटाळून जातं. कौलाखाली वाऱ्याला हातभर जागा ठेवली, तीही जाळीमागे. हवा खेळली नाही तर विष्ठेचा अमोनिया आपल्याच डोळ्यांना झोंबतो, तर त्यांचं काय! खाली भुश्याची गादी. दाणापाणी छपराखालीच, कारण वरून चिमण्या-कावळ्यांची घाण त्यात पडायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा सगळ्या राज्याला कोंबडीची धास्ती बसली होती. आईची धास्ती त्याहून जुनी, मानमोडीची. पूर्वी ती एकदा गावात शिरली की डालगीच्या डालगी रिकामी व्हायची. आता सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब पडतो, तरी एखादी तलंग मान वाकडी करून बसली की आई हातातलं काम टाकते.

बसायला आडव्या दांड्या लावल्या, सगळ्या एका उंचीवर. पहिल्यांदा मी हौसेने पायऱ्यांसारख्या लावल्या होत्या, तर रोज संध्याकाळी सर्वांत वरच्या दांडीसाठी मारामाऱ्या. बरोबरच आहे. यांचे पूर्वज रानकोंबडे, रात्री झाडावर झोपणारे. आपण हजारो वर्षं खाली दाणे टाकले तरी अंधार पडला की त्यांना वरच जायचं असतं.

शेवटी कडी. सुतार म्हणाला, एक पुरे. मी दोन लावल्या. खालची साधी, वरची कोयंड्याची, तीत खुंटी अडकवायची. पंजा घालून साधी कडी सरकवता येते, खुंटी उपसायला माणसाचा अंगठा लागतो. लावताना हात जड झाला हे मान्य करतो. ज्या दाराला ती लावू नये म्हणून एके काळी बायकोशी वाद घातला, त्याच दारात मी बाहेरच्या बाजूने भोक पाडत होतो. भोक लोंबीच्या शिक्क्याच्या जरा वर आलं. शिक्का तेवढा वाचवला.

खिडकी बुजवली नाही. तिला जाळीचं झाकण बसवलं, आत अंडी घालायची पेटी. सकाळी आई न वाकता हात घालून अंडी काढते.

दिवाळीत लेक आली. बॅग पडवीत टाकून सरळ परसात. खिडकीशी उकिडवी बसली, झाकण उचललं, हात आत घातला आणि कळवळून बाहेर काढला. तांबडी खुडूक झाली होती, अंड्यांवरून हलत नव्हती.

"पप्पा, ही टोचती!"

"सुट्टे दिले का?" मी विचारलं.

ती बोट चोखत हसली. मग उठून कडुनिंबाची दोन पानं तोडली आणि झाकणाच्या फटीतून आत सरकवली. घरातून आईचा आवाज आला, "मोजल्या का रं? सहा वाजून गेले."

"पाच," लेक म्हणाली, आणि खुंटी कोणत्या बाजूने बसते ते चाचपू लागली.