छोट्या गाडीचे दुसरे घर

पुण्यातली छोटी गाडी सहसा एकाच घरात म्हातारी होत नाही. पहिल्या घरात ती कर्ज काढून, दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त गाठून येते. सारसबागेच्या गणपतीपुढे तिला हार चढतो, नारळ फुटतो. काही वर्षांनी त्या घरात मोठी गाडी येते किंवा मुले परगावी जातात आणि ती विकायला निघते. दुसऱ्या घरात ती पुन्हा पहिलीच गाडी असते. आजवर दुचाकीवर आणि पीएमपीच्या बसमध्ये भागवलेल्या कुटुंबाने ती पै पै साठवून घेतलेली असते. त्या कुटुंबाची मुलेही मागच्याच सीटवर बसणार असतात, तेव्हा त्यांच्या जिवाची काळजी पहिल्या घराइतकीच व्हायला हवी. ती होते की नाही, हे गाडीच्या किमतीपेक्षा तिच्याबरोबर कोणती माहिती आली यावर अधिक ठरते.

या माहितीतला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रिकॉल. कंपनीने विकलेल्या गाड्या एखाद्या दोषाच्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे याला रिकॉल म्हणतात. एकाच पुरवठादाराकडून एकाच खेपेत आलेला भाग हजारो गाड्यांत बसतो. त्या खेपेत धातू कच्चा निघाला, नळी नीट बसत नसली किंवा पंपाची मोटर दगा देऊ लागली, तर तो दोष एका गाडीपुरता राहत नाही. मग कंपनी उत्पादनाच्या तारखा आणि चेसिस नंबर यांवरून त्या गाड्या वेगळ्या काढते, मालकांना कळवते आणि तो भाग मोफत बदलून देते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी ही वापराने झिजणारच, त्यांचा खर्च मालकाचा. कारखान्यातून आलेला दोष मात्र गाडी कितीही जपली तरी तिच्यात असतोच, म्हणून त्याची जबाबदारी बनवणाऱ्याची.

भारतात ही जाण उशिरा आली. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा गाडी मिळणे हेच भाग्य होते. बिघाड झाला की मिस्त्री गाठायचा, एवढेच मालकाच्या हाती असे. डिसेंबर 1998 मध्ये टाटांची इंडिका आली. ती पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातली, त्यामुळे पुणेकरांना घरची गाडी वाटली. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी येऊ लागल्या तेव्हा कंपनीने ग्राहकांसाठी शिबिरे भरवली, भाग बदलून दिले आणि 2001 मध्ये सुधारलेली इंडिका व्ही-टू आणली. 2009 मध्ये विक्रीस आलेल्या नॅनोची आखणीही पिंपरीतच झाली. काही नॅनोंना आग लागल्यावर नोव्हेंबर 2010 मध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि वायरिंगसाठी जादा संरक्षक भाग मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. पण त्याला रिकॉल म्हटले नाही. ग्राहक बिथरेल, ही भीती तेव्हा सगळ्याच उद्योगाला होती. खरे पाहता आपला दोष स्वतः जाहीर करणारी कंपनी ग्राहकाला जपत असते. ज्या मॉडेलचा कधीच रिकॉल निघाला नाही ते निर्दोषच असेल, असेही नाही.

जुलै 2012 मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता लागू केली. पुढे मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली आणि 110-अ हे कलम आले. या कलमाने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याखालचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. सक्तीचा रिकॉल ओढवून घेणाऱ्या कंपनीला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही सक्ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच आहे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. सात वर्षांनंतर नवा दोष उघड झाला, तर सरकारी सक्तीचा आधार उरत नाही. आधी जाहीर झालेल्या रिकॉलची राहून गेलेली दुरुस्ती मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटर सहसा गाडीचे वय न बघता मोफत करून देते. मालक कितवा आहे, याला तिथे महत्त्व नसते.

पुण्याजवळचे जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बीट या गाडीचे उदाहरण या सगळ्यावर प्रकाश टाकते. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि 2010 पासून तिथे बीट बनू लागली. डिझेल इंजिनाचा अ‍ॅव्हरेज चांगला, आकार पेठांच्या गल्लीबोळांत मावणारा, त्यामुळे ती पुण्यात बरीच दिसू लागली. जुलै 2015 मध्ये कंपनीने स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून सुमारे 1 लाख 55 हजार गाड्या परत बोलावल्या. रिमोटने दार उघडण्याच्या यंत्रणेतून आग लागण्याचा धोका होता. त्याच वर्षाच्या अखेरीस डिझेल बीटच्या एक लाखाहून अधिक गाड्या क्लच पेडलच्या लिव्हरच्या तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. लिव्हर म्हणजे डाव्या पायाखालचा लहानसा भाग. पण कात्रज घाटात चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना तोच तुटला, तर गिअर बदलता येत नाही आणि मागे बसची रांग असते. भाग किती मोठा आहे यावर दोषाची गंभीरता ठरत नाही. तो नेमका कुठे आणि केव्हा निकामी होईल, यावर ठरते.

2017 च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्री थांबवली. तळेगावहून परदेशी जाणाऱ्या गाड्यांचे उत्पादनही 2020 च्या डिसेंबरात बंद पडले आणि कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. कंपनीने सर्व्हिस आणि सुटे भाग यांची हमी दिली होती, तरी बाजाराने आपला हिशेब लगेच केला. बीटचा भाव पडला आणि कमी पैशांत भरपूर गाडी म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या घरांत जाऊ लागली. अशा गाडीचा मालक शोरूमपेक्षा ओळखीच्या गॅरेजवर आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांवर विसंबतो. चांगला मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगतो, पण रिकॉलची यादी त्याच्याकडे येत नाही. क्लचचा तो लिव्हर 2015 च्या रिकॉलमध्ये बदलला होता का, हे अंगठा लावून ओळखता येत नाही. त्याची नोंद कंपनीच्या संगणकात असते.

कंपनी रिकॉलचे पत्र किंवा संदेश तिच्या नोंदीतल्या मालकाला पाठवते. पहिला मालक तिला ठाऊक असतो. गाडी विकली जाते तेव्हा संगम पुलाजवळच्या आरटीओत किंवा, गाडी एमएच-14 ची असेल तर, पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात फॉर्म 29 आणि 30 भरले जातात. एजंट बॉनेट उघडतो, चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागदाची पट्टी धरतो आणि तिच्यावर पेन्सिल आडवी घासतो. काळ्या शिशातून पांढरी अक्षरे उमटतात. हा चेसिस प्रिंट फॉर्मवर चिकटतो आणि कागदावरची गाडी हीच, याची खातरजमा होते. सतरा अक्षरांच्या या नंबरातून पुष्कळ काही कळते. मारुतीचा नंबर सहसा एमए-3 ने सुरू होतो, टाटांचा एमएटीने. पुढे मॉडेल आणि उत्पादनाचा अनुक्रमही असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तोच नंबर टाकला की रिकॉलची दुरुस्ती बाकी आहे का, हे मिनिटभरात दिसते. फॉर्मवर तो पुरावा म्हणून उमटतो, पण त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरेदीदाराला इंजिन नंबर, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी सगळे दाखवले जाते. रिकॉलचा रकाना कुठेच नसतो.

काही वेळा गाडी विकूनही नाव बदललेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. नाव बदलण्यातल्या दिरंगाईचा हा एक तोटा. दुसरा तोटा असा, की गाडीच्या दोषाची सूचनाही जुन्याच पत्त्यावर जाऊन पडते. 1 एप्रिल 2023 पासून सेकंडहँड गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकारपत्र आवश्यक झाले आणि विकायला आलेल्या गाडीची माहिती सरकारकडे देणे बंधनकारक झाले. त्याने मधल्या काळात गाडी निदान कोणाच्या ताब्यात आहे, हे कळू लागले.

काही दोष पहिल्या घरात दिसतात, काही दुसऱ्या घरात पिकतात. मारुतीने जुलै 2020 मध्ये वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या इंधन पंपासाठी बोलावल्या. हा पंप टाकीत बुडालेला असतो. तो बंद पडला की इंजिनाला पेट्रोल पोचत नाही आणि गाडी चालता चालता थांबते. नवले पुलाच्या उतारावर, मागून मालट्रक येत असताना असे थांबणे जिवावर बेतू शकते. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्यांच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की बिघडते. मग अपघातात बॅग फुगण्याऐवजी धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे उडतात. होंडाने जानेवारी 2018 मध्ये भारतात सिटी, जॅझ आणि अ‍ॅकॉर्डच्या 22,834 गाड्या याच कारणासाठी बोलावल्या. हा दोष वयाबरोबर वाढणारा. नवी गाडी घेणाऱ्यापेक्षा दहा वर्षांनी ती घेणाऱ्याला त्याचा धोका जास्त, आणि सूचना मिळण्याची शक्यता सर्वांत कमी त्याचीच.

रिकॉलपलीकडे गाडीच्या पिढीचाही विचार करावा लागतो. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. अल्टो 800, नॅनो, आय-10, फिगो आणि तेव्हा चाकणला बनणारी पोलो या एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो विकणे थांबवले. दोन एअरबॅगांच्या पोलोला चार तारे मिळाले होते. त्यानंतर नियम कडक होत गेले. एप्रिल 2019 पासून एबीएस, जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आणि 2021 अखेरपर्यंत शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. कोथरूडच्या टेकडीवरची, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अशा मानकांनुसार वाहने तपासते. म्हणून 2012 ची आणि 2020 ची गाडी एकाच नावाची, एकाच रंगाची दिसली तरी संरक्षणात फार वेगळी असू शकते. हा फरक कुठलाही रिकॉल भरून काढत नाही.

पुण्याच्या पाण्यानेही गाड्यांना एक छुपा आजार दिला आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अनेक गाड्या वाहून गेल्या. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. अशी बुडालेली गाडी धुऊन, सीटकव्हर बदलून, अत्तर मारून पुन्हा बाजारात उभी करता येते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की त्याच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते. सीटच्या रुळांवर आणि गालिच्याखालच्या बोल्टांवर गंज दिसतो. एअरबॅगचा नियंत्रक बहुधा दोन सीटच्या मधल्या बोगद्यावर, जमिनीलगत असतो. त्यात पाणी गेले असेल तर ऐन वेळी बॅग उघडेलच, अशी खात्री उरत नाही.

त्यामुळे जुनी छोटी गाडी घेताना तपासणीचा क्रम कागदापासून सुरू करणे शहाणपणाचे. आधी आरसीवरचा आणि गाडीवरचा चेसिस नंबर जुळवावा. मग तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन रिकॉल बाकी आहे का ते विचारावे, आणि सर्व्हिसच्या नोंदींतील किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांनी विझायला हवा. जो लागतच नाही, त्याचा बल्ब मुद्दाम काढलेला असू शकतो. टायरवरचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. यानंतर मिस्त्रीला दाखवून टेस्ट ड्राइव्ह घ्यावी. रिकॉल बाकी निघाला म्हणून गाडी नाकारण्याचे कारण नाही. व्यवहारापूर्वी तो भाग मोफत बदलून घेतला की गाडी उलट अधिक भरवशाची होते.

एकेका खरेदीदाराच्या दक्षतेवर मात्र हा भार टाकून भागणार नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास पाहताना बाकी रिकॉलही बघता येतो. भारतात वाहनांची बहुतेक नोंदणी ‘वाहन’ या एकाच प्रणालीत आहे आणि कंपन्यांकडे दोषी चेसिस नंबरांच्या याद्या आहेत. या दोन्ही जोडल्या, तर नाव बदलण्याच्या अर्जावरच बाकी दुरुस्ती दिसेल आणि पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करतानाही ती पुन्हा तपासली जाईल. त्यासाठी नवे खाते लागत नाही, नवा फॉर्मही लागत नाही. सुरक्षितता नव्या गाडीबरोबर विकली जाणारी चैन नाही. गाडी ज्या ज्या घरी जाईल, तिथे ती तिच्याबरोबर जायला हवी, आणि ती पोचवण्याची जबाबदारी कंपनी आणि सरकार या दोघांची आहे.