बाजार मांडायचा म्हणजे काय मांडायचं?

आमचा खेळ ऐकायला साधा आहे. नकाशावर नद्या, घाट, गढ्या आणि गावं. प्रत्येक खेळाडूच्या ताब्यात एक परगणा. पिकवायचं, गढी बांधायची, फौज पोसायची, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. अमरावतीला इंजिनिअरिंगला एकत्र शिकलेले आम्ही काही जण तो बनवतोय. लढाईचं गणित एकानं घेतलं, सर्व्हर दुसऱ्यानं, चित्रं तिसरीनं, आणि व्यापार माझ्या वाट्याला आला, कारण मी कारंजाची, म्हणजे बाजारपेठेच्या गावातली. अट एकच होती: संगणकानं चालवलेलं दुकान नको. खरेदी-विक्री खेळाडूंनीच एकमेकांत करायची आणि भावही त्यांच्यातूनच निघायचा.

पहिल्याच संध्याकाळी गाडी अडली. माल खेळाडू आणणार, भाव खेळाडू पाडणार, नफा-तोटा त्यांचाच. मग मी नेमकं काय बनवायचं?

वाचायला घेतलं तर गोंधळ वाढला. १९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'च्या कर्त्यांनी आपलं जग बंदिस्त हिशेबाचं ठेवलं होतं. कच्चा माल ठरावीक. वस्तू झिजली, मोडली की तेवढाच माल पुन्हा निपजणार. खेळाडूंनी वस्तू मोडू दिल्याच नाहीत, घराघरांत रचून ठेवल्या, आणि नव्यानं आलेल्याला मिळवायला काही उरेना. शेवटी तो हिशेब सोडून द्यावा लागला. आइसलंडमधल्या कंपनीनं २००३ मध्ये आणलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'ची गोष्ट वेगळी. तिथे जवळजवळ सगळी जहाजं खेळाडूच बांधतात आणि लढाईत फुटलेलं जहाज कायमचं जातं, म्हणून मागणी आटत नाही. 'जिता' नावाचं ठिकाण कुणी मुख्य पेठ म्हणून आखलेलं नव्हतं. व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्यातून ते सगळ्यांत मोठी पेठ झालं. २००७ मध्ये त्या कंपनीनं खेळातल्या अर्थव्यवहारावर लक्ष ठेवायला एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीवर ठेवला. हे वाचलं आणि या कामाची खोली पहिल्यांदा जाणवली. जिथे पगारी अर्थशास्त्रज्ञ लागतो तिथे मी, बारावीनंतर अर्थशास्त्राचं पुस्तक न उघडलेली, काय करणार होते?

ओळखीच्या मुलामुलींना घेऊन एक चाचणी झाली. ज्वारीचा भाव पहिल्याच हंगामात तळाला गेला. सगळ्यांचं पीक एकाच वेळी निघतं, सगळ्यांना फौजेच्या पगाराला रोकड हवी असते, त्यामुळे सगळे एकाच वेळी विकायला काढतात. दोघा-तिघांकडे शिल्लक होती. त्यांनी कोठारं भरून घेतली आणि पुढे तीच ज्वारी, ज्यांनी पिकवली त्यांनाच, कितीतरी पट भावानं विकली. नियम एकही मोडला नव्हता, कारण मोडण्यासारखा नियमच नव्हता. वाशीमहून खेळणाऱ्या एका मुलीनं फोन केला. म्हणाली, "ताई, माल द्यायला मी तयार आहे, पण समोरचा पैसे देईल याचा भरवसा काय? मागच्या वेळी बैलगाड्या गेल्या आणि तो खेळाडू पुन्हा दिसलाच नाही." मला उत्तर सुचेना. आम्ही सगळ्यांना मोकळीक दिली होती, आणि त्या मोकळिकीत ज्याच्याकडे आधीपासून पैसा होता तोच मोकळा होता.

माझे एक काका अडत दुकान चालवतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा खेळाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. "यार्डात ये," म्हणाले, "हर्रासाच्या टायमाले ये."

सोयाबीनचा हंगाम होता. ज्या बाजारावरून लहानपणापासून हजारदा गेले असेन तो मी पहिल्यांदा बघत होते. ट्रॅक्टर, छोटे टेम्पो, ओट्यावर ओतलेल्या ढेऱ्या. प्रत्येक शेतकऱ्याची ढेरी वेगळी. हर्रास पुकारणारा एका ढेरीपाशी थांबतो, त्याच्याभोवती खरेदीदारांचं कडं होतं. एक जण मूठ भरून दाणा वर उडवतो, दुसरा दाताखाली फोडून बघतो, तिसरा माती-काडीकचरा किती ते चाळतो. ओलावा मोजायचं यंत्र असतं, सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा धरतात, पण जुन्या खरेदीदारांचा हात यंत्राआधीच निकाल देतो. मग आकडे चढत जातात, दहा-वीस रुपयांनी, आणि थांबतात. पुढची ढेरी. शेजारच्या ढेरीपेक्षा दीडशे-दोनशे रुपयांचा फरक पडलेला मी पाहिला आणि माझ्या खेळातली एक मोठी उणीव तिथेच कळली: आमच्याकडे प्रत्येक पोतं सारखं होतं. माल सारखाच असेल तर बोलीत पारखायचं काही राहत नाही. ज्याच्याकडे पैसा जास्त तो जिंकतो. पारखणारा डोळा हे ज्याचं भांडवल आहे, त्या खेळाडूला आम्ही जागाच दिली नव्हती.

"काका, भाव कोण ठरवतं?"

"भाव कोनी ठरवत नाही पोरी, थो निंगते. पाच जन बोलले पाह्यजेत, एकमेकाईच्या तोंडावर बोलले पाह्यजेत, अन् ज्याचा माल हाये त्यानं आयकलं पाह्यजे."

नंतर काट्यापाशी गेलो. तोलणारा मापारी ना विकणाऱ्याचा माणूस, ना घेणाऱ्याचा. त्याचा परवाना बाजार समितीचा. हमालाचाही तसाच. वजन काटापट्टीवर चढतं, त्यावरून हिशेब होतो, आणि चुकारा त्याच दिवशी व्हावा असा नियम. बाजार फी घेणाऱ्याकडून वसूल होते, विकणाऱ्याच्या पट्टीतून नाही. वाशीमच्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या कागदांत होतं. मी पट्टीचे फोटो काढत सुटले, तेव्हा काका म्हणाले, "हे सारं कारंजातूनच सुरू झालं, माहीत नाही का तुले?"

मला माहीत नव्हतं. या गावात वाढून माहीत नव्हतं, आणि वर्गातल्या कुणाला माहीत असेल असंही वाटत नाही.

देशातला पहिला नियंत्रित बाजार कारंजाचा. साल १८८६, मालाची जात कापूस. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला मुलूख, १८५३ पासून. त्यामुळे आदेश निघाला तो हैदराबाद रेसिडेन्सीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पक्की बसली. चांगला कापूस, खरं वजन आणि वाजवी दर ही गिरण्यांची गरज होती. त्या गरजेतून बाजाराला शिस्त लागली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनानं असे बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा.

जुन्या बाजारांत सौदा कसा होई हे काकांनी हातावर करून दाखवलं. रुमालाखाली घेणाऱ्याचा आणि दलालाचा हात, बोटांनी दाबून आकडा सांगायचा. शेतकरी शेजारी उभा असे, आपल्या मालाचा भाव त्याला रुमाल निघाल्यावर कळे. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या खेळात दोन खेळाडूंना खासगी निरोप पाठवून सौदा पक्का करता येत होता आणि त्याला आम्ही मोठी सोय समजत होतो.

उघड बोली, तिऱ्हाइताचा काटा, त्याच दिवशीचा चुकारा. भाव सोडून बाकी सगळं मांडायचं ते हेच, हे मला यार्डात कळलं. पण १८८६ ची गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. ती शिस्त गिरण्यांना कापूस हवा म्हणून आली. ज्यानं तो पिकवला त्याला त्या आदेशाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. नियम करणारा कुणाच्या बाजूनं उभा आहे हे नियमांच्या भाषेत लिहिलेलं नसतं, ते आवक सुरू झाल्यावर दिसतं. म्हणून आमच्या खेळात बाजाराची पंचायत ठेवली आहे, आणि तिच्यात पिकवणाऱ्या खेळाडूंच्या जागा व्यापाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. यावर आमच्यात भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. मी मागे हटणार नाही.

भाव तळाला जाण्याचा प्रश्न मात्र उघड बोलीनं सुटत नाही. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांची पोती एकदम आली तर हर्रास कितीही उघडा असो, भाव पडतोच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि यार्डातले आकडे त्याच्या बरेच खाली चालले होते. आमच्यातल्या एकानं सुचवलं, राज्यानं सगळा माल ठरलेल्या भावानं घ्यावा, संपलं. महाराष्ट्रानं हे कापसात करून पाहिलं आहे: १९७२ पासून तीसेक वर्षं एकाधिकार खरेदी होती. सीमेपलीकडे भाव चढला की कापूस रात्रीतून तिकडे जाई, हे घराघरांतले वडीलधारे सांगतात. आम्ही तो मार्ग घेतला नाही.

घेतला तो तारणाचा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. शेतकरी माल गोदामात ठेवतो, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. गरज आज भागते, विक्री पुढे ढकलता येते. खेळात मी कोठारपावती आणली: ज्वारी पंचायतीच्या कोठारात ठेवा, त्या दिवसाच्या भावाच्या पाऊणपट पैसे उचला, मुदतीत सोडवा. लिहायला घेतलं आणि पुन्हा चक्रावले. उचल दिली की जगात नवा पैसा येतो. तो बाहेर कुठून जाणार? भाव आणखी पडला आणि खेळाडूनं माल सोडवलाच नाही, तर त्या कोठाराचं काय? सध्या असं ठेवलं आहे: व्याज जगातून कायमचं जातं, मुदत टळलेला माल पंचायत हर्रासात काढते, पण एकदम नाही, थोडा थोडा. पुढच्या चाचणीत ज्वारीचा भाव पडला खरा, तळाला मात्र गेला नाही. हे बरोबर आहे की नशिबानं जमलं, हे ठरवायला अजून पुष्कळ खेळून पाहावं लागेल.

पैसा आणि माल जगाबाहेर घालवण्याची दुसरी वाट गावातल्याच एका दंतकथेनं दाखवली. कारंजात कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. उंटांवर कस्तुरी लादून एक सौदागर गावोगाव फिरत होता, सगळा माल एकहाती घेणारा त्याला भेटेना. इथल्या एका सावकारानं तो सगळा घेतला आणि बांधत असलेल्या हवेलीच्या चुन्यात कालवून टाकला. गोष्ट किती खरी ते जाऊ दे. पण साठा करणाऱ्या बड्या खेळाडूला नुसता कर लावण्यापेक्षा त्याला हवेली बांधू द्यावी, जिच्या भिंतीत खरोखरीचा माल मुरेल आणि परत निघणार नाही, हे मला फार आवडलं. हवेलीचा फायदा एवढाच: नकाशावर तिचं नाव झळकतं. श्रीमंत खेळाडू त्यासाठी रांग लावतात.

अंतराचा धडा शकुंतला रेल्वेचा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी इंग्रज कंपनीनं कापसासाठी घातली आणि ती कारंजावरून जायची. मुंबईकडे जाणारी मोठी लाइन मूर्तिजापूरला, म्हणून तिथवर माल पोचवणं हाच कळीचा खर्च. आज यार्डातला प्रत्येक शेतकरी मोबाइलवर अकोल्याचा, वाशीमचा, हिंगणघाटचा भाव बघतो, तरी भाड्याचा हिशेब करून माल इथेच उतरवतो. खेळात आता भाव सगळीकडे दिसतो, माल मात्र बैलगाडीनंच जातो.

खेळातल्या नाण्याला खऱ्या रुपयाशी जोडायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहेच. पण कायदा नसता तरी मी ते होऊ दिलं नसतं. सोळा वर्षांच्या पोराच्या ज्वारीवर खरी उधारी चढू नये.

पुढची चाचणी सोयाबीनच्या हंगामातच घेणार आहोत. ज्यांच्या घरी यार्डाच्या काटापट्ट्या येतात अशा वऱ्हाडातल्या मुलामुलींनी ती खेळावी, आणि आमच्या बाजारात पिकवणारा कुठे नाडला जातो ते आम्हाला स्पष्ट सांगावं.