कानाच्या कडेवरचा थेंब

‘मधुमेह’ हा शब्द आपल्याला फार जुन्या काळापासून परिचित आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे सांगताना, रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे भुंगे आणि मुंग्या धाव घेतात, असे निरीक्षण नोंदवलेले आहे. रोग्याला हातही न लावता त्याच्या देहातील गोडी ओळखण्याची ही रीत होती. आमच्या घरी हा शब्द आला तो एका बोक्याच्या निमित्ताने. आणि त्या शब्दातली विसंगती तेव्हा प्रथमच जाणवली. मांजराला गोडाची चव कळत नाही. ती ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक या कुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली दाखवून देण्यात आले. ज्याच्या जिभेला मध आणि पाणी यांतला फरक ठाऊक नाही, अशा प्राण्याच्या रक्तात साखर साचावी, हा निसर्गाचा विचित्र न्याय म्हटला पाहिजे.

बंडू अकरा वर्षांचा होता. भरपूर खाऊनही तो वाळत चालला, पाण्याचे भांडे दिवसातून तीनदा भरावे लागू लागले, आणि उड्या मारणारा हा प्राणी मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागला. दवाखान्यात त्याच्या रक्तातील साखर डेसिलिटरला ३७२ मिलिग्रॅम निघाली. निरोगी मांजरात ती साधारणतः ८० ते १२० असते. तथापि हा आकडा जसाच्या तसा धरू नये, असे डॉक्टरांनीच बजावले. भयाने मांजराच्या रक्तातील साखर झपाट्याने चढते; परक्या टेबलावर, कुत्र्यांच्या भुंकण्यात, निरोगी मांजराचीही साखर ३०० च्या वर जाऊ शकते. मागील दोनएक आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी झाली, तेव्हा निदान पक्के झाले. पुढची मोजणी मात्र शक्यतो घरीच करा, असा त्यांचा सल्ला पडला.

आपल्या वाङ्मयाने मांजराला ढोंगाचा मानदंड ठरवले आहे. महाभारतात तपस्व्याचे सोंग घेऊन उंदीर खाणारे मांजर आहे. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातील शिल्पपटात ते हात वर करून तप करीत उभे आहे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर तर मराठीत घरोघरी आहे. आजार लपवण्यात मांजर खरोखरच निष्णात असते. त्याचे रक्त मात्र भय लपवू शकत नाही. दवाखान्यातल्या आकड्यात रोग किती आणि भीती किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. लोकसाहित्याच्या संकलकांना हा अनुभव नवा नाही. जात्यावर मोकळेपणी येणारी ओवी ध्वनिमुद्रणाचे यंत्र समोर ठेवताच आखडते, आणि मग जे हाती लागते त्यात गाणारी किती व विचारणारा किती, हा प्रश्न उरतोच.

मूत्रावरून साखर ओळखण्याचा सोपा मार्ग येथे पुरेसा नव्हता. मांजराच्या रक्तातील साखर सुमारे २५० ते ३०० च्या पलीकडे गेल्यावरच ती मूत्रात उतरते. म्हणजे मूत्र अतिरेकाची बातमी देते, उणेपणाची देत नाही. आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर खरे भय उणेपणाचेच असते. म्हणून रक्ताचा थेंब हवा. तो कानाच्या कडेवरून घ्यायचा. कडेलगत एक बारीक शीर जाते. उबदार फडक्याने कान शेकला की ती फुगते. कानामागे कापूस धरून शीर आणि कड यांच्यामध्ये सुई टोचायची, आणि मोहरीएवढा थेंब पट्टीला टेकवायचा. माणसांसाठी केलेले यंत्र मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवते, म्हणून आम्ही प्राण्यांच्या रक्ताला जुळवलेले यंत्र मिळवले. पहिले आठ दिवस टोचलेच नाही. ठरल्या वेळी त्याला ठरल्या खुर्चीवर घ्यायचे, कान शेकायचा, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा आणि सोडून द्यायचे. नवव्या दिवशी टोचले. आकडा आला २२६.

इन्सुलिन बारा तासांच्या अंतराने, एकेक युनिट. म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन शक्तींच्या इन्सुलिनच्या सिरिंजा मिळतात; त्यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट होऊ शकते. एका आकड्यावरून मात्रा बदलायची नसते. अधूनमधून सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी थेंब घेऊन बारा तासांचा आलेख काढायचा, साखर खाली कुठवर जाते ते पाहायचे आणि निर्णय डॉक्टरांवर सोपवायचा. ३७२ हाच आकडा प्रमाण मानला असता तर मात्रा वाढली असती.

या मोजणीचे मोल तिसऱ्या महिन्यात कळले. काही मांजरांत योग्य आहार आणि इन्सुलिन यांमुळे स्वादुपिंड पुन्हा सावरते, आणि कालची योग्य मात्रा आज जास्त ठरते. एका रात्री बंडू हाकेला उशिरा वळला, एवढेच. थेंब घेतला, तो ५४. झोपेत हे कुणाच्या ध्यानात आले नसते. पुढची पायरी झटके आणि शुद्ध हरपणे ही असते. गोडाची चवच नसलेल्या त्या प्राण्याच्या हिरड्यांना मध चोळला, खाऊ घातले. अर्ध्या तासाने ७१, तासाभराने ९६. सकाळचे इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना विचारले, आणि मात्रा निम्मी झाली.

इन्सुलिनचा शोध टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून लागला. पुढे कित्येक दशके माणसांसाठी ते गाईडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जाई. प्राण्यांचे हे ऋण एका बोक्याच्या शुश्रूषेने फिटते असे नाही. शिवाय त्याने ही शुश्रूषा मागितलेली नाही. आपल्याला रोग आहे हेही त्याला ठाऊक नाही. कान धरणारा हात माझा, आकडा वाचणारे डोळे माझे, आणि मात्रेची जबाबदारीही माझ्याकडेच.

आता सकाळी सातला तो आपण होऊन खुर्चीवर येऊन बसतो. हा जिव्हाळा की कोंबडीच्या तुकड्याची आशा, याचा निवाडा करण्याची मला गरज वाटत नाही. तो यायचा थांबला, तर मात्र त्या दिवसापासून यंत्रातला आकडा निराळ्या रीतीने वाचावा लागेल.