लाइन कवा येणार?

सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ,
जि. हिंगोली

प्रिय भाचीबाई,


खेड्याच्या बोलीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांची यादी तू प्रबंधासाठी मागितलीस. तशी यादी तुला शाळेतलं पोरगंही देईल. मी एकाच शब्दाचं लिहितो: लाइन.

आपल्याकडं लाइन म्हणजे आधी वीज. घरातली जाते ती लाइट, शेतातली जाते ती लाइन. लाइट गेली तर पंखा थांबतो. लाइन गेली तर मोटर बंद पडते आणि हळदीचं पाणी अर्ध्या सरीत अडकतं. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीनं मिळते. त्यामुळं ‘या हप्त्यात लाइन रातची हाय’ एवढं म्हटलं, की बॅटरी, काठी, थंडी, साप हे वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या शब्दकोशातल्या ‘रेषे’त यातलं काय सापडतं? गंमत म्हणजे वर येलदरीला पूर्णेच्या पाण्यावर २२.५ मेगावॅट क्षमतेचं वीजघर आहे. तिथून सुटलेलं पाणी आपल्या सिद्धेश्वर धरणात येतं, पुढं कालव्यानं वसमत, परभणी, नांदेडकडं जातं. पाणी नदीनं सरळ दारात. लाइनीची मात्र वाट बघायची.

सोयरिकीत ‘मुलगा कोणत्या लाइनला हाय?’ असं विचारतात. पगार विचारायची ही सभ्य रीत. कॉलेजातलं पोरगं लाइन मारतं, मग बाप त्याला लाइनीवर आणतो. अकोला–पूर्णा मीटरगेज २००८ साली ब्रॉडगेज झाली, तीही लाइनच. श्रावण सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला लाइन लागते. पंढरपुरात मात्र दर्शनाची बारी अजून बारीच आहे, आणि ती तशीच राहावी.

शब्दाचं मूळ तुला माहीत असेलच. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याचा दोरा तो ‘लिनिया’, आणि त्यावरून इंग्रजांची लाइन. ज्याची आपण चटणी खातो तेच हे जवस! आपला गवंडी भिंत सरळ धरायला लाइनदोरी लावतो. म्हणजे मुळात पाहिलं तर दोरीदोरी. त्याला कोणी हसू नये. दोरी ताणूनच रेषा आखतात, हे त्याला लॅटिनवाल्यांइतकंच ठाऊक आहे.

आता तुझ्या कामाचं. भिंत, भिंती, भिंतीत. तशीच लाइन, लाइनी, लाइनीत. पाहुणा शब्द इतका आपल्या व्याकरणात बसत नाही. फक्त धंद्याच्या अर्थानं ‘लाइनला’ असं रूप न बदलता बोलतात. ते का, हे तू शोध.

आणि यादीत तिला इंग्रजी म्हणून घालू नकोस. मराठी नाम, स्त्रीलिंगी, पहिला अर्थ शेतीची वीज, असं लिही. तुझे सर हरकत घेतील. त्यांना पेरणीनंतर एकदा इकडं पाठव.

तुझा,
मामा