अंबरनाथ पूर्व : गारव्याची वाटणी

चैत्र-वैशाखातल्या सकाळी अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात जावे. उन्हे वर येण्याआधी दक्षिणेला मलंगगडाची रांग धूसर निळी दिसत असते. वालधुनीच्या काठावरचे काळ्या दगडाचे हे मंदिर शिलाहारांच्या काळातले आहे. छित्तराजाच्या कारकिर्दीत त्याचा आरंभ झाला आणि मम्वाणी राजाच्या काळात ते पूर्ण झाले, असे अभ्यासक मानतात. शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, हा काळ नोंदलेला आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे पाहण्यात तासभर सहज जातो, पण या मंदिराचा खरा अनुभव आत आहे. इतर मंदिरांत गाभाऱ्याकडे जाताना आपण वर चढतो, इथे खाली उतरतो. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरल्या की गाभारा लागतो. बाहेर कितीही उकाडा असला तरी तळाशी पाऊल टेकताच दगडाचा गारवा अंगाला लागतो. तो रिक्षाचालकाला लागतो, आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून आलेल्या कामगाराला लागतो आणि मोटारीतून आलेल्या कुटुंबालाही तेवढाच लागतो. नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ हा गारवा सर्वांना सारखाच मिळत आला आहे.

मंदिरालगतची वालधुनी मात्र आज नदी म्हणून ओळखू येत नाही. कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी घेऊन ती उल्हासनगरकडे आणि पुढे कल्याणजवळ उल्हास नदीकडे जाते. तिच्या उगमाकडे, काकोळे गावाजवळ, एक जुना तलाव आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तो आपल्या गरजेसाठी बांधला, म्हणून आजही लोक त्याला जीआयपी तलाव किंवा जीआयपी धरण म्हणतात. इंजिने विजेवर धावू लागली आणि तलावाचे मूळ काम संपले. आता त्याच परिसरात रेल्वेच्या ‘रेल नीर’ या बाटलीबंद पाण्याचा कारखाना आहे. एका लिटरच्या बाटलीची किंमत सप्टेंबर 2025 मध्ये पंधरा रुपयांवरून चौदा रुपये झाली. पाणी स्वच्छ असते आणि दरही बाजाराच्या मानाने माफक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकेकाळी फलाटावरची पाणपोई ही प्रवासाची गृहीत धरलेली सोय होती. प्रवासी तांब्या किंवा बाटली घेऊन उतरे, नळाखाली धरी आणि पुन्हा गाडीत चढे. आज नळ दिसला तरी पुष्कळांचा हात आपोआप खिशाकडे जातो. सर्वांची असलेली सोय अशीच हळूहळू विकत घ्यायची वस्तू होते, आणि ती केव्हा झाली हे आपल्या लक्षातही येत नाही.

मंदिराकडून शेअर रिक्षाने स्थानकावर यावे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. जायला सव्वा ते दीड तास आणि यायला तेवढाच वेळ, म्हणजे रोज तीन तास चाकरमान्याचे घर रुळांवर असते. बदलापूर आणि कर्जतकडून येणाऱ्या सकाळच्या गाड्या भरूनच येतात. बसायला मिळावे म्हणून कितीतरी जण आधी उलट दिशेने बदलापूरला जातात आणि तिथून सुटणारी गाडी धरतात. जागेसाठी झोपेचा अर्धा तास मोजण्याचाच हा प्रकार.

तरीही या साध्या लोकलमध्ये माणसांनी आपसांत एक नीती घडवली आहे. तिघांच्या बाकावर थोडे सरकून चौथ्याला टेकू देणे ही ती नीती. ‘चौथी सीट’ कोणत्याही नियमपुस्तकात नाही, तिकिटावर छापलेली नाही, पण ती मागितली की बहुधा मिळते. महिलांच्या डब्यात ओळखीच्या बायका ठरावीक स्थानकानंतर उठून दुसरीला बसायला देतात. गर्भवती दिसली की कोणीतरी उठतेच. सोय कमी असेल तेव्हा ती वाटून घ्यायची, हे शहाणपण या डब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

रेल्वेत वर्ग नव्हते असा काळ नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, त्या काळापासून प्रवाशांचे वर्ग आहेत. लोकलमध्ये पहिला वर्ग आजही आहे. जास्त पैसे देणाऱ्याला अधिक ऐसपैस जागा मिळावी, यात नवे काही नाही. मात्र त्या व्यवस्थेत डबा वेगळा असला तरी गाडी एकच होती. पहिल्या वर्गाचा प्रवासी आणि दुसऱ्या वर्गाचा प्रवासी एकाच वेळी निघत आणि एकाच वेळी पोहोचत. संपूर्ण वातानुकूलित लोकल आली आणि हे गणित बदलले. देशातील अशी पहिली लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर बोरिवलीहून चर्चगेटकडे धावली. मध्य रेल्वेवर ती जानेवारी 2020 मध्ये ट्रान्स-हार्बर मार्गावर आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुख्य मार्गावर. मे 2022 मध्ये तिच्या एकेरी तिकिटाचे दर निम्मे झाले, किमान तिकीट पासष्ट रुपयांवरून तीस रुपयांवर आले. साध्या लोकलचे किमान तिकीट पाच रुपये होते. शिवाय ही कपात एकेरी तिकिटापुरती होती, मासिक पासाला नव्हती. रोज प्रवास करणारा तर पासावरच जगतो.

मग 19 ऑगस्ट 2022 पासून मध्य रेल्वेने मुख्य मार्गावर वातानुकूलित लोकलच्या आणखी दहा फेऱ्या सुरू केल्या. एकूण संख्या छप्पन्नवरून सहासष्टवर गेली. पण या दहा फेऱ्या वेळापत्रकात नव्याने मिळवलेल्या नव्हत्या, साध्या लोकलच्या जागी आल्या होत्या. ज्याची नेहमीची गाडी वातानुकूलित झाली, त्याची गाडी त्याच्यापुरती रद्दच झाली. त्याला पुढच्या साध्या गाडीत घुसावे लागले आणि ती आधीच भरलेली होती. कळव्यात प्रवासी रुळांवर उतरले, बदलापुरात त्यांनी स्थानकात जाब विचारला आणि 25 ऑगस्टपासून या दहाही फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. प्रवाशांचा राग थंड हवेवर नव्हता. आपली साधी गाडी काढून घेऊन ती महाग करून परत विकली जाते आहे, ही भावना त्यामागे होती.

हीच लोकल जिथे थांबते, तिथून बॅलार्ड पिअर फार लांब नाही. तिथून पर्यटनाची मोठी जहाजे सुटतात. जगभरच्या अशा जहाजांवर अलीकडे एक बदल दिसतो. पूर्वी तिकिटातच येणाऱ्या काही सोयींना, उदाहरणार्थ खोलीत मागवलेल्या जेवणाला, काही कंपन्या आता वेगळा आकार लावतात. काही जहाजांवर महागड्या दालनांतील प्रवाशांसाठी स्वतंत्र डेक, स्वतंत्र तरणतलाव आणि स्वतंत्र भोजनगृह राखलेले असते. बाकीच्यांनी त्या दारापाशी थांबायचे. आठवणीने जाणारा जुना प्रवासी यामुळे खट्टू होतो, हे स्वाभाविक आहे. पण जहाजाची सफर ही हौस आहे. सोयी रुचल्या नाहीत तर पुढच्या वर्षी माणूस महाबळेश्वरला जाईल. अंबरनाथच्या फलाटावरच्या माणसाला असा पर्याय नसतो. त्याला उद्या सकाळी पुन्हा तिथेच उभे राहायचे असते. म्हणून जहाजावर जी चैन आहे, ती लोकलमध्ये आरोग्याची बाब ठरते.

ती कशी, हे शरीराच्या बाजूने पाहू. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळताना शरीराची उष्णता कमी होते. तो वाळलाच नाही तर उष्णता आत साठते आणि गर्दीत शेजारच्यांच्या अंगाची धग तिच्यात भर घालते. डोके जड होणे, मळमळ, भोवळ ही तिची पहिली चिन्हे. दुसरा भार पायांवर पडतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. दीड तास हलता न येता उभे राहिले की हे काम मंदावते, पाय सुजतात आणि वर्षानुवर्षांनी पायांच्या शिरा फुगतात. तिसरी गोष्ट स्त्रिया एकमेकींना सांगतात, डॉक्टरांना उशिरा सांगतात. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने त्या घरून निघताना पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मूतखडा यांना त्यामुळे वाट मिळते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दार. वातानुकूलित लोकलचे दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. साध्या लोकलचे दार उघडे राहते आणि गर्दीच्या वेळी माणसे त्यात लोंबकळतात. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळ परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासले गेले, अनेक जण खाली पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे आणि हवा खेळती राहील अशी रचना देण्याची घोषणा रेल्वेने केली. ती घोषणा फार महत्त्वाची आहे. थंड हवेसाठी जादा पैसे मागणे समजू शकते, पण जिवंत पोहोचण्याची हमी महाग तिकिटाच्या बाजूला ठेवता येत नाही, हे तत्त्व तिच्यात मान्य झाले आहे.

रेल्वेचीही बाजू आहे. वातानुकूलित गाडी बांधायला आणि चालवायला खर्च अधिक येतो, दर कमी झाल्यावर तिचे प्रवासी वाढले आणि वयस्कर माणसे, आजारी माणसे, लहान मुले यांना ती मोठा आधार आहे. म्हणून ती नको असे म्हणणे आत्मघातकी ठरेल. ती साध्या गाडीच्या जागी न येता तिच्या जोडीला यावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी रूळ वाढावे लागतात. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका हे काम म्हणूनच केवळ अभियंत्यांच्या कौतुकाचे नाही, ते अंबरनाथकरांच्या हृदयाचे, पायांचे आणि झोपेचे काम आहे.

तोवर प्रत्येक घराने काही गोष्टी हाती घ्याव्यात. उपाशीपोटी गाडी पकडू नये, निदान एक केळे किंवा नाचणीची भाकरी पोटात असावी. पाणी टाळू नये, निघण्यापूर्वी तासभर आधी पेलाभर प्यावे आणि घरची बाटली सोबत ठेवावी. उन्हाळ्यात ताक किंवा कोकम सरबत उत्तम. फार घाम जाऊन थकवा आला तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडेथोडे प्यावे. चमचा चहाचा असावा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. उभे असताना दर काही मिनिटांनी टाचा उचलून पंजांवर यावे, पोटऱ्यांना काम मिळते. भोवळ वाटली तर लाज न बाळगता शेजाऱ्याला सांगावे आणि पुढच्या स्थानकावर उतरून बसावे. बंद डब्यात गर्दी असेल आणि खोकला चालू असेल तर मुखपट्टी लावावी. घरातल्या गर्भवतीसाठी, शस्त्रक्रियेनंतरच्या माणसासाठी किंवा वृद्धासाठी महिन्याच्या खर्चात वातानुकूलित लोकलच्या काही एकेरी तिकिटांची तरतूद ठेवावी. तो खर्च चैनीत धरू नये, औषधाच्या रकान्यात लिहावा. आणि दारात लोंबकळून गाठलेली गाडी ही वाचवलेली वेळ नव्हे, हे मुलांच्या मनावर घरातच ठसवावे.

संध्याकाळी गाडी अंबरनाथला येते तेव्हा फलाटावर उतरणारी माणसे आधी क्षणभर थांबतात, पाय मोकळे करतात, मगच जिन्याकडे वळतात. काही जण थेट घरी न जाता शिवमंदिराची वाट धरतात. पायऱ्या उतरताना एकमेकांना वाट देतात, दगडाला पाठ टेकून दोन मिनिटे डोळे मिटतात. तिथला गारवा त्यांना कोणी मोजून देत नाही. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या अंगावरचा घाम सुकतो.